वर मऊ, खाली कर्कश: देवबागच्या एका होडीचं प्रकरण

माझ्या मावसभावाची मालवणजवळच्या देवबागला 28 फुटी फायबरची होडी आहे. पावसाळा सोडून बाकीचे महिने पर्यटकांना घेऊन कर्लीच्या संगमावर जायचं, सुनामी आयलंडला टेकायचं, आणि सकाळच्या फेरीला भोगवे-निवतीच्या अंगाला गादे दाखवायचे, हा त्याचा धंदा. गादा म्हणजे डॉल्फिन. होडीत दोन सिलिंडरचं 24 हॉर्सपॉवरचं डिझेल मशीन, 2:1 चा गिअरबॉक्स आणि मागे तीन पानांचा 17 इंची पंखा. प्रोपेलरला आमच्या किनाऱ्यावर प्रोपेलर कुणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात, तेव्हा इथेही पंखाच.

पर्यटकांची एक जुनी तक्रार होती: मशीनच्या धडधडीत काही ऐकू येत नाही, पोरं कानावर हात ठेवतात. दादाने एका पावसाळ्यात, होडी शाकारून ठेवलेली असताना, त्यावर तीन उपाय केले. मशीनखाली नवे रबर माउंट टाकले. मशीनवर आतून फोम लावलेली प्लायवूडची पेटी बसवली. आणि जो एक्झॉस्ट पाइप आधी होडीच्या कुशीतून पाण्याच्या वर तोंड काढून फटफटत असे, तो लांबवून मागे नेला आणि त्याचं तोंड सरळ पाण्याखाली सोडलं. वरचा फरक जादूसारखा होता. दोन माणसं शेजारी बसून हळू आवाजात बोलू शकत होती.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "मशीन मऊ झाला रे, पण गादे काय थांबनत नाय. आदी तरी पाच मिंटां दिसायचे."

मी बारा वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत. पाण्याखालच्या आवाजाचा विषय तिथे कागदावर भेटला होता. एवढ्या छोट्या होडीवर तो हाताळायची वेळ याआधी आली नव्हती. नाताळच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा दादाची होडी तपासायची ठरवली. पुढे जे झालं, त्यात माझाही एक अंदाज साफ चुकला आहे. तोही लिहितो.

आधी थोडं पाण्याबद्दल

हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे 1500. हे बहुतेकांना ठाऊक असतं. या प्रकरणात कामाची गोष्ट दुसरी आहे: पाणी आणि हवा यांच्यामधला पडदा. पाण्यातून वर येणाऱ्या आवाजाची जेमतेम हजारातला एक भाग इतकी ऊर्जा हवेत शिरते, बाकीची उलट पाण्यात परतते. म्हणजे होडीत बसलेल्या माणसाला खालचा गोंधळ ऐकू येण्याची सोयच नाही. पंखा कितीही किंचाळत असला तरी वर फक्त मशीन ऐकू येतं. दादाने मशीन गप्प केलं आणि त्याला वाटलं होडी गप्प झाली.

जाता जाता एक गैरसमज. पाण्याखालचा अमुक आवाज 160 डेसिबल, म्हणजे जेट विमानापेक्षा मोठा, असं वाचायला मिळतं. ती तुलना चुकीची आहे. हवेतलं डेसिबल 20 मायक्रोपास्कलवरून मोजतात आणि पाण्यातलं 1 मायक्रोपास्कलवरून. नुसत्या या फरकानेच आकडा 26 ने फुगतो. माध्यमाचा फरक धरला तर दोन आकड्यांत साधारण 62 चं अंतर पडतं. पाण्याखालचा आवाज हा गंभीर विषय आहेच, पण त्यासाठी जेट विमान मध्ये आणायची गरज नाही.

इथे दिसणारे गादे बहुतेक वेळा हिंदी महासागरातले कुबडवाले डॉल्फिन असतात: पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. हा प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला, म्हणजे नेमका जिथे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, लागते, जिथे पर्यटनाच्या होड्या फिरतात तिथलाच. त्याचं निम्मं जगणं कानावर चालतं. एकमेकांना शिट्ट्या मारतो, आणि मासा शोधायला टिकटिक आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकतो. शिट्ट्या काही हजार हर्ट्झच्या, टिकटिक त्याच्याही कितीतरी वर. कोणत्या आवाजाने त्याचं काय बिघडतं हे ठरवताना हा पट्टा लक्षात ठेवावा लागतो.

माझा पहिला अंदाज

मी म्हटलं, माउंट चुकीचे बसले असणार. रबर जास्त कडक असलं तर मशीनचा हादरा तसाच तळात उतरतो, आणि फायबरचा पातळ तळ म्हणजे पाण्यात ठेवलेला ढोलच. दोन सिलिंडरचं चार-स्ट्रोक मशीन 2000 फेऱ्यांवर सेकंदाला 33 स्फोट करतं. ते तळातून पाण्यात जात असणार, असं मी दादाला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. माउंट बदलूही लागलो होतो. पण आधी ऐकून तर बघू, असं म्हणून एक साधा हायड्रोफोन आणि रेकॉर्डर मागवला. हायड्रोफोन म्हणजे पाण्यात सोडायचा माइक. हा स्वस्तातला, प्रमाणित न केलेला, त्यामुळे त्यावरून डेसिबलचे आकडे देणं मला पटत नाही. मात्र एकच रेकॉर्डर, रेकॉर्डिंगची एकच पातळी, एकच अंतर ठेवलं तर आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून ऐकता येतं. कामापुरतं तेवढं पुरे होतं.

वेळ निवडली सकाळी साडेसहाची. तेव्हा मतलई वारा असतो, पाणी गप्प, आणि पर्यटकांच्या होड्या अजून दांड्याला बांधलेल्या. शेजारच्या एका छोट्या होडीतून मी आणि दादाचा मुलगा संगमाच्या बाहेर गेलो, मशीन बंद केलं, चार वाव पाण्यात (म्हणजे सात मीटरच्या आसपास) मधोमध माइक सोडला. दादाला सांगितलं: आमच्यापासून दोनशे मीटरवरून सरळ रेषेत जा, दर फेरीला मशीनच्या फेऱ्या थोड्या वाढव.

दादा यायच्या आधीच कानात तडतड सुरू होती. कढईत मोहरी तडतडावी तशी, न थांबणारी. पोराने विचारलं, माइक बिघडला काय? माइक ठीक होता. ही खडकांत राहणाऱ्या, चिमटा वाजवणाऱ्या कोळंबीची वस्ती. ही बोटाएवढी कोळंबी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि आवाज येतो तो नांगीचा नव्हे, तो बुडबुडा फुटण्याचा. हे 2000 साली अतिवेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झालं. या कोळंबीचा आणि दादाच्या पंख्याचा गुन्हा एकच आहे, पण ते पुढे येईल.

माइकमधून जे ऐकू आलं

सगळ्यात हळू फेरीत, मशीन 800 वर असताना, ठक्-ठक्-ठक् असा ठळक ठोका ऐकू आला. वर ज्या फटफटीने लोक हैराण होते, तीच आता खाली गेली होती. एक्झॉस्टचं तोंड पाण्यात सोडल्यावर प्रत्येक स्फोटाचा धक्का थेट पाण्यालाच बसणार. दादाने आवाज कमी केला नव्हता, त्याचा पत्ता बदलला होता. गादे दिसल्यावर होडी याच वेगावर येते, म्हणजे हा ठोका नेमका त्यांच्या शेजारी वाजत होता.

1100 च्या पुढे ठोका मागे पडायला लागला. 1200 ला एक नवा आवाज आला: खस्... खस्... खस्... झाडूने अंगण झाडावं तसा. 1500 ला तो इतका दाट झाला की ठोकाही बुडाला आणि कोळंबीची तडतडही. 1800 ला नुसता पावसाच्या सरीसारखा अखंड फुत्कार. त्यात मधूनच एक बारीक शिट्टी, एकाच सुराची, काचेच्या पेल्यावर बोट फिरवल्यासारखी.

मशीनचा हादरा मला ज्या आवाजात सापडायला हवा होता, तो कुठेच नव्हता. का नव्हता हे घरी परत येऊन कागदावर मांडल्यावर उलगडलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण हे मला आधीच सुचायला हवं होतं. उथळ पाण्यात जाड सूर लांब जातच नाहीत. पाण्याची खोली तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाहून कमी पडली की तो आवाज वाळूत आणि पृष्ठभागात विरून जातो. सात मीटर पाण्यासाठी ही सीमा 50 हर्ट्झच्या वर कुठेतरी येते. मशीनचे 33 हर्ट्झ त्याच्या खाली. खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या बाबतीत सगळी चिंता या जाड घुमण्याची असते, कारण तो शेकडो किलोमीटर जातो आणि देवमाशांचं बोलणं त्याच पट्ट्यात असतं. मी जहाजावरचं शिक्षण देवबागच्या पाण्यात लावत होतो. इथे दूर जाणारा आवाज म्हणजे ती खसखस आणि तो फुत्कार, आणि तो शिट्ट्यांच्या पट्ट्यात थेट घुसणारा.

खसखशीतून अजून एक गोष्ट निघाली. रेकॉर्डिंग सावकाश चालवून ठोके मोजले. 1200 फेऱ्यांवर 2:1 गिअरमुळे पंखा मिनिटाला 600 वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला 10 वेळा. पंख्याला पानं तीन. तिन्ही पानं सारखी खसखसली असती तर सेकंदाला 30 ठोके मिळायला हवे होते. मिळाले 10. एका फेऱ्याला एक. तिघांतलं एकच पान चुकार आहे, आणि हे पंखा न बघता कळलं होतं. पाणबुडीतले सोनार ऐकणारे लोक वरच्या जहाजाची पानं आणि वेग असेच ओळखतात. आम्हाला ते अर्ध्या तासात जमलं याचा दादाच्या पोराला माझ्याहून जास्त आनंद झाला.

सर्जेकोटला, ओहोटीत

पुढच्या उधाणाला होडी सर्जेकोटला नेली, भरतीवर आत घेतली आणि ओहोटीत कोरडी झाल्यावर खाली वाकलो.

एका पानाचं टोक वाकलेलं होतं, कडेला करंगळी जाईल एवढी खाच. दादाला आठवलं: संगमाच्या तोंडावरचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, दसऱ्याच्या सुमाराला पंखा तिथे घासला होता. त्याआधी कधीतरी तेच पान तुटलं होतं आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याने पितळेची सळई वितळवून भरलं होतं. भरलेला भाग बाकीच्या दोन पानांपेक्षा दीडपट जाड. शाफ्टवर नायलॉनच्या जाळ्याचा दोरा करकचून गुंडाळलेला. शाफ्टचा बुश झिजलेला, हाताने हलवला तर शाफ्ट खडखडत होता. तळाला पावसाळ्यानंतरचं शेवाळ आणि खरखरीत कवचं.

पण माझं लक्ष खिळलं ते पंख्याच्या पुढच्या भागावर, म्हणजे कण्याच्या मागच्या टोकावर. फायबरच्या साच्यात ते अडीच इंच जाड आणि मागून फळीसारखं सपाट कापलेलं होतं. पाणी दोन्ही बाजूंनी वाहत येतं आणि या फळीमागे भोवरे करतं, आणि पंख्याचं प्रत्येक पान दर फेऱ्याला त्या भोवऱ्यात शिरतं. शिवाय पंख्याचं टोक आणि होडीचा तळ यांत अंतर जेमतेम एक इंच. 17 इंची पंख्याला निदान अडीच इंच तरी हवं.

आता कोळंबीचा गुन्हा. 17 इंची पंखा मिनिटाला 1000 वेळा फिरला की पानाचं टोक सेकंदाला 22 मीटर, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने पाणी कापतं. एवढ्या वेगात पानाच्या पाठीवरचा दाब इतका उतरतो की पाणी साध्या तापमानालाच उकळतं. आपल्याकडच्या 30 अंशांच्या पाण्याला त्यासाठी दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शावर यावा लागतो. तिथे वाफेचे बुडबुडे बनतात, पुढच्या क्षणी जास्त दाबाच्या पाण्यात जातात आणि चिरडले जातात. असे लाखो बुडबुडे चिरडण्याचा आवाज म्हणजे ती खसखस. कॅव्हिटेशन हे त्याचं नाव. जहाजाच्या पाण्याखालच्या आवाजातला सर्वांत मोठा वाटा याचाच असतो. मोठ्या जहाजाचा पंखा कित्येक मीटर खोल असतो, वरच्या पाण्याच्या वजनाने बुडबुडे थोडे उशिरा सुरू होतात. दादाचा पंखा पृष्ठभागापासून दोन फुटांवर, त्याला ती सवलत नाही. त्यात खाच, जाडजूड वेल्डिंग, पुढचे भोवरे आणि डोक्यावर चिकटलेला तळ. बुडबुडे लवकर सुरू होणारच होते. खाच असलेलं पान बाकीच्यांच्या आधी सुरू होत होतं, म्हणून सेकंदाला दहा.

ती बारीक शिट्टी मात्र वेगळी. पानाच्या मागच्या कडेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ठेका पानाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की पंखा गायला लागतो. जहाजांवरही हा त्रास असतो, आणि त्यावरचा उपाय कानशीने करता येतो: मागची कड एका बाजूने तिरकी घासायची.

मोठ्या जहाजांचं काय करतात

दादाने विचारलं, एवढा विचार जहाजवाले करतात का? करायला लागलेत, पण सावकाश. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, आयएमओने, 2014 मध्ये जहाजांचा पाण्याखालचा आवाज कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 2023 मध्ये ती सुधारली. दोन्ही ऐच्छिक. पंख्याची रचना, पंख्याकडे येणाऱ्या पाण्याची वाट, तळ स्वच्छ ठेवणं, मशीन लवचीक पायावर बसवणं आणि वेग, असा तो सगळा मामला. आयएमओने संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम (यूएनडीपी) आणि जागतिक पर्यावरण निधी (जीईएफ) यांच्यासोबत याच आवाजासाठी चालवलेल्या ग्लोनॉइज भागीदारीत भारतालाही एक प्रमुख पथदर्शी देश म्हणून घेतलं गेलं, म्हणजे हा विषय आपल्या दारात आलेला आहे.

मला यातल्या दोन गोष्टी दादाला सांगाव्याशा वाटल्या. मर्स्क या जहाज कंपनीने आपल्या काही मोठ्या कंटेनर जहाजांची नाकं आणि पंखे बदलले, तेलाचा खर्च वाचावा म्हणून. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी त्यांचा आवाज आधी-नंतर ऐकला तर खालच्या पट्ट्यात 6 ते 8 डेसिबल उतरला होता. 6 डेसिबल म्हणजे आवाजाचा दाब निम्मा. तेल वाचवायला निघाले आणि आवाज फुकटात कमी झाला, कारण बुडबुडा फोडण्यात गेलेली ताकद होडी पुढे ढकलण्यात गेलेली नसते.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या व्हँकुव्हरची. तिथल्या समुद्रात ऑर्का देवमाशांचा सत्तर-पंचाहत्तर जणांचा एक कळप उरला आहे. 2017 पासून तिथल्या बंदराच्या पुढाकाराने हॅरो सामुद्रधुनीतून जाणारी जहाजं ठरलेल्या काळात आपणहून वेग कमी करू लागली. पहिल्या वर्षी मर्यादा होती 11 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 20 किलोमीटर. ठोकताळा असा की मोठ्या जहाजाने वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर आवाज 6 डेसिबलच्या आसपास उतरतो. दादा म्हणाला, "माझी होडी पुरी मारली तरी साडेसहा नॉट. ह्येच्यापेक्षा हळू गेलंय तर लोक उतरान चलत जातले."

काय केलं, काय नाही

माझ्या मनातला उपाय म्हणजे 3:1 चा गिअरबॉक्स आणि सावकाश फिरणारा मोठा पंखा. पुस्तकात हेच पहिलं उत्तर असतं. पण तळाखाली मोठ्या पंख्याला जागाच नव्हती, आणि गिअरबॉक्सची किंमत ऐकून दादाने हात जोडले. "पंखो सोन्याचो घालूक लावतलस काय माका?"

मग जे परवडेल ते. चार पानांचा 16 इंची ब्राँझचा नवा पंखा: व्यास इंचाने कमी, पण पानांचं एकूण क्षेत्रफळ जास्त, म्हणजे तेवढाच रेटा जास्त पाठींवर वाटला जातो. तळापासूनचं अंतर त्यामुळे एकाचं दीड इंच झालं. अडीच नव्हे, पण जे आहे ते. कण्याच्या सपाट टोकामागे फायबरचा थर चढवून त्याला माशाच्या शेपटीसारखी निमुळती धार काढली; हे काम सर्जेकोटच्या फायबरवाल्याने एका दिवसात केलं आणि सगळ्यात स्वस्त हेच पडलं. बुश नवा. तळ घासून रंगवला. पंख्याच्या मागच्या कडा कानशीने तिरक्या केल्या, आधीच, गाणं सुरू व्हायची वाट न बघता. एक्झॉस्टला पाण्याचा मफलर बसवला आणि तोंड पुन्हा पाण्याच्या रेषेवर चार बोटं उचललं. थोडी फटफट वर परत आली, पण मफलरमुळे पूर्वीसारखी नाही. दादाचे रबर माउंट जसेच्या तसे ठेवले. त्यांच्यात काही खोट नव्हती.

नवा पंखा मात्र मी चुकीच्या पिचचा सांगितला. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, स्क्रूसारखा, जितका पुढे सरकायला हवा ते अंतर. जुन्याचं पिच 12 इंच होतं, तेच ठेवायला लावलं. चार पानांना तेवढंच पिच म्हणजे मशीनवर ओझं. पहिल्या फेरीत मशीन 1750 च्या वर जाईना आणि मागून काळा धूर. दादाने काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. पंखा उतरवून पानं फिरवून घेतली, पिच 11 वर आणलं, तेव्हा मशीन मोकळं झालं. यात एक आठवडा आणि ऐन जानेवारीतल्या दोन शनिवार-रविवारच्या फेऱ्या गेल्या. खर्चाच्या हिशोबात तो भाग माझ्या नावावर लिहिला आहे.

मग तीच जागा, तीच वेळ, तोच माइक, तेच दोनशे मीटर.

800 वरचा ठोका जवळजवळ गेला होता, कान देऊन ऐकला तर सापडायचा. शिट्टी नाही. खसखस 1200 ऐवजी 1650 च्या पुढे सुरू झाली, आणि ती सुरू झाल्यावर चारही पानांची सारखीच होती. 1500 वर, म्हणजे पर्यटक घेऊन जायच्या नेहमीच्या वेगावर, कोळंबीची तडतड आता ऐकू येत होती. माझ्या दृष्टीने हेच मोजमाप. 1800 च्या पुढे मात्र फुत्कार होताच. पुरी मारली तर ही होडीसुद्धा ओरडते.

डिझेलमध्ये फरक पडला. निवतीपर्यंतच्या फेरीनंतर कॅनमध्ये उरणारं तेल दादा बोटं बुडवून मोजतो, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता दोन बोटं जास्त उरतं. यातलं किती श्रेय पंख्याचं आणि किती घासलेल्या तळाचं, ते वेगळं काढता येत नाही.

रविवार

गाद्यांचं काय? दोन आठवडे दादाचं उत्तर एकच: "तसांच."

मग एका रविवारी सकाळी आम्ही त्या छोट्या होडीतून, मशीन बंद करून, तासभर नुसते ऐकत बसलो. हा तास सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास ठरला, आणि तसं पहिल्याच दिवशी बसायला हवं होतं.

आधी दूरवर शिट्ट्या. मग टिकटिक, दार करकरल्यासारखी जवळजवळ. पाठी दिसल्या, तीन किंवा चार. तेवढ्यात पहिली होडी आली, तिच्या मागून दुसरी, आणि दहा मिनिटांत नऊ. प्रत्येक जण फोनवरून दुसऱ्याला सांगतो, गादे हंय आसत. दुसरा मशीन पुरं मारत येतो, कळपाच्या पुढे जाऊन वाट अडवतो, आणि होडी थांबवायला रिव्हर्स टाकतो. माइकमध्ये त्या रिव्हर्सचा आवाज मी विसरणार नाही. पंखा उलटा फिरतो तेव्हा पानांचा आकार आणि पाण्याची दिशा दोन्ही त्याच्या विरुद्ध असतात, बुडबुड्यांचा नुसता स्फोट होतो. पुरत्या वेगाने जाणाऱ्या होडीपेक्षाही तो मोठा होता. नऊ होड्या, प्रत्येकीचे तीन-चार रिव्हर्स. दादाची होडी त्यात सातवी आली आणि त्याने स्वतः दोनदा रिव्हर्स टाकला, नव्या चार पानांच्या पंख्याने.

शिट्ट्या तिसऱ्या होडीनंतर ऐकू आल्या नाहीत. गादे गप्प झाले, की बोलत होते पण गोंगाटात बुडाले, हे एका माइकवरून सांगता येणार नाही. पाठी मात्र निवतीच्या दिशेला सरकत गेल्या.

दादाला संध्याकाळी ते रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकवलं. कुठली होडी कोणाची हे त्याला मशीनवरून कळत होतं, नावं घेत होता. स्वतःचा रिव्हर्स आला तेव्हा हेडफोन काढून ठेवला. म्हातारे मामा शेजारी बसले होते. त्यांनी त्यांच्या तरुणपणची गोष्ट काढली: रात्री होडी गप्प ठेवायची, वल्हं पाण्यात उभं धरून त्याच्या दांड्याला कान लावायचा, ढोम्याचं खर्जातलं गुरगुरणं कुठून येतं ते बघून जाळं टाकायचं. ढोमा आणि घोळ हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज करतात, हे शास्त्र त्यांना सांगायची गरज नव्हती. "आता वल्याक कान लावशीत तर काय, नुसतो पंखोच आयकाक येतलो," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात गाद्यांच्या फेऱ्या मारणाऱ्या होडीवाल्यांची बैठक झाली. रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजवलं. मी भाषण केलं नाही, माझं कोणी ऐकलंही नसतं, दादाच बोलला. ठरलं ते असं: पाठी दिसल्या की 1000 फेऱ्यांच्या खाली यायचं आणि कळपाच्या बाजूने, समांतर जायचं. पुढून वाट अडवायची नाही. थांबायचं असेल तर आधीच न्यूट्रल करून होडी आपोआप थांबू द्यायची, रिव्हर्स नाही. एका वेळी चार होड्या, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. चारचा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही, तीन म्हणणारे आणि सहा म्हणणारे यांच्यात तुटला. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या, मशीनवाल्यांनी एक रास्त मुद्दा काढला: त्यांचा पंखा लहान आणि खूप वेगाने फिरणारा, 1000 चा आकडा त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी "मागे फेस दिसता नये" असा नियम झाला. ऐकायला ढोबळ आहे, पण मला तो आमच्या आकड्यापेक्षा जास्त आवडला. फेस बघायला माइक लागत नाही.

सोमवार ते शुक्रवार हे बऱ्यापैकी पाळलं जातं. शनिवार-रविवारी चारच्या सहा-सात होतात. होळीच्या जोडून सुट्टीत सगळंच मोडलं, कारण बाहेरून आलेल्या काही होड्या बैठकीला नव्हत्याच, आणि समोर गादे असताना मागे लांब उभ्या असलेल्या होडीतले पर्यटक पैसे परत मागतात. रिव्हर्सचा नियम मात्र टिकला आहे, त्यात कोणाचं गिऱ्हाईक जात नाही आणि गिअर वाचतो. दादाच्या म्हणण्याप्रमाणे कामाच्या दिवशी गादे आता जास्त वेळ दिसतात. मी त्याला वही ठेवायला सांगितलं आहे, तारीख, वेळ, होड्या किती, मिनिटं किती. वही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरलेली आहे, पुढची पानं कोरी.

एप्रिलमध्ये दादाच्या शेजारचा होडीवाला माझ्याकडे आला. त्याच साच्यातली होडी, तसंच फळीसारखं सपाट टोक. त्याला गाद्यांबद्दल काही विचारायचं नव्हतं. दोन बोटं डिझेल खरंच उरतं का, एवढंच त्याने विचारलं. मी त्याला शेपटीचा पुठ्ठ्याचा साचा काढून दिला, आणि पिच 11 सांगितलं.